मेमरी कार्ड घेताना कोणता आकडा वाचायचा

चौथं मंगलाष्टक संपत आलं होतं. अंतरपाट धरलेला, मुलीच्या पाठीशी मामा उभे, लोकांच्या मुठीत अक्षता. तेवढ्यात माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाल ठिपका गेला आणि त्या जागी ओळ आली की कार्डाचा वेग पुरत नाही, रेकॉर्डिंग थांबवलं आहे. मी पुन्हा बटण दाबलं. काही सेकंद चाललं आणि बंद पडलं. तिसऱ्यांदाही तेच. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ मदतीला आलेल्या माझ्या चुलतभावाने फोनवर टिपलं, म्हणून त्या घराला निदान तो क्षण देता आला.

कार्ड नकली नव्हतं. नावाजलेल्या कंपनीचं होतं, पक्क्या बिलावर घेतलेलं होतं आणि त्याच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत सेकंदाला १०० एमबी, म्हणजे मेगाबाइट, असं छापलेलं होतं. माझ्या व्हिडिओला सेकंदाला फक्त साडेबारा एमबी लागत होते. मग कमी काय पडलं? वेष्टनावरचा तो मोठा आकडा माझ्या कामाचा नव्हताच. कामाचा आकडा कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता आणि तो मी वाचला नव्हता. लग्न, मुंज, कीर्तन सप्ताह, बैलगाडा शर्यत यांचं चित्रीकरण करणाऱ्यांनी, नवं कार्ड फोनमध्ये घालणाऱ्यांनी आणि गाडीत डॅशकॅम, म्हणजे रस्ता टिपत राहणारा छोटा कॅमेरा, लावणाऱ्यांनी तो वाचावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पायरी १: आधी यंत्राचं माहितीपत्रक उघडा

दुकानदाराला ‘चांगलं कार्ड द्या’ असं सांगून उपयोग नाही. चांगलं कशासाठी, हे त्याला माहीत नसतं. घरातून निघण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याच्या किंवा फोनच्या माहितीपत्रकातून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या.

पहिली गोष्ट आकार. मोठं एसडी कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटरचं असतं, मायक्रो एसडी १५ बाय ११ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. फोन, ड्रोन, अ‍ॅक्शन कॅमेरा, डॅशकॅम आणि घरचा वायफाय कॅमेरा यांना मायक्रो लागतं. मोठ्या कॅमेऱ्यात मायक्रो कार्ड अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून चालवता येतं, पण मुख्य कॅमेऱ्यात मी तसं करत नाही. अ‍ॅडॉप्टरमुळे धातूच्या संपर्काचा आणखी एक सांधा वाढतो आणि सैल व्हायला तो एक सांधाही पुरतो.

दुसरी गोष्ट क्षमतेचा प्रकार. नुसतं एसडी लिहिलेलं कार्ड २ जीबीपर्यंत असतं. एसडीएचसी त्यापुढे ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत आणि एसडीयूसी १२८ टीबीपर्यंत. नवं यंत्र जुनं कार्ड वाचतं, जुनं यंत्र नवा प्रकार वाचेलच असं नाही. आमच्या सप्ताहात कीर्तन ध्वनिमुद्रित करायला जो जुना रेकॉर्डर आहे तो एचसीपर्यंतच जातो, त्यामुळे त्याच्यासाठी ३२ जीबीची कार्डं मी वेगळी जपून ठेवली आहेत. एचसी कार्डांची मांडणी फॅट ३२ पद्धतीची असते आणि तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांबलचक कीर्तनाचा व्हिडिओ अशा कार्डावर तुकड्यातुकड्यांनी साठतो. कार्ड बिघडलं म्हणून ते होत नाही. तुकडे क्रमाने जोडले की एक शब्दही हरवत नाही. एक्ससी कार्डांवर एक्सफॅट मांडणी असते, तिथे ही मर्यादा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक वगळतात: तुमचा कॅमेरा सेकंदाला किती माहिती कार्डावर लिहितो. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ती १००, २००, ४०० अशा एमबीपीएसमध्ये दिलेली असते. यातला ‘बी’ बिटचा आहे, बाइटचा नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून त्या आकड्याला आठाने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. २०० म्हणजे २५, ४०० म्हणजे ५०. कार्डावरचे आकडे मेगाबाइटमध्ये असतात. एक आकडा बिटांत आणि दुसरा बाइटमध्ये असताना तसेच शेजारी ठेवले, तर एकतर तुम्ही घाबरून नको इतकं महाग कार्ड घ्याल किंवा गाफील राहाल.

एका तासाला किती जागा लागेल हे काढायची माझी तोंडी पद्धत अशी: मेगाबिटचा आकडा निम्मा करा आणि त्यातून त्याचा दहावा भाग वजा करा. १०० चे निम्मे ५०, त्यातून ५ गेले, ४५. म्हणजे तासाला ४५ जीबी. ५० मेगाबिटला साडेबावीस, २०० ला नव्वद. या हिशेबाने १०० मेगाबिटवर ६४ जीबीचं कार्ड साधारण पंच्याऐंशी मिनिटं पुरतं. सकाळी हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत किती कार्डं लागतील हे आदल्या रात्री बोटांवर मोजता येतं.

पायरी २: कार्डाचं तोंड वाचा

एक कार्ड हातात घ्या आणि उजेडात धरा. चष्मा असेल तर लावा. एवढ्याशा तुकड्यावर सात-आठ खुणा दिसतील. त्यांची इतकी गर्दी का झाली, याला कारण आहे. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये हे कार्ड आणलं तेव्हा त्यावर मुख्यतः फोटो साठवले जायचे. पुढे व्हिडिओ आले, मग एचडी, मग फोरके (4K), मग फोनमधली अ‍ॅप. प्रत्येक टप्प्यावर नवी खूण आली आणि जुनीही तशीच राहिली.

लेखनाच्या वेगाची हमी देणाऱ्या नेहमीच्या खुणा तीन घराण्यांच्या आहेत. इंग्रजी सी अक्षराच्या आत २, ४, ६ किंवा १० असा आकडा असेल तर तो क्लास. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. इंग्रजी यू अक्षराच्या आत १ किंवा ३ असेल तर यू १ म्हणजे किमान १० एमबी आणि यू ३ म्हणजे किमान ३०. तिसरं घराणं व्ही अक्षराचं. ते २०१६ मध्ये खास व्हिडिओसाठी आलं आणि वाचायला सगळ्यांत सोपं आहे. व्ही ३० म्हणजे किमान ३० एमबी, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. जो आकडा दिसतो तीच हमी. एकाच कार्डावर क्लास १०, यू ३ आणि व्ही ३० तिन्ही असतात, त्यामुळे बुजू नका. त्यातली सर्वांत मोठी हमी धरायची.

‘किमान’ या शब्दावर अडून राहा. वेष्टनावर जो १०० किंवा २०० एमबीचा भपकेबाज आकडा असतो त्याच्या आधी बारीक अक्षरांत ‘अप टू’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘पर्यंत’. आणि बहुतेक वेळा तो वाचनाचा वेग असतो. घरी आल्यावर संगणकावर फाइल उतरवून घेताना तो उपयोगी पडतो. रेकॉर्डिंग चालू असताना त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्या लग्नातल्या माझ्या कार्डावर यू १ होतं. त्याने हमी दिली होती दहाची आणि मी मागत होतो साडेबारा. मग सुरुवातीची वीस मिनिटं ते नीट कसं चाललं? बऱ्याच कार्डांत थोडी जागा वेगाने लिहिता येईल अशी राखलेली असते. आधी माहिती तिथे टेकवायची आणि मग सवडीने आत लावायची, अशी ती व्यवस्था. धान्याची पोती आधी ओसरीवर उतरवावीत आणि मग एकेक करून कणगीत रिकामी करावीत, तसं. लग्नात मी पोती आणायचं थांबवलंच नाही, ओसरी भरली आणि कार्डाचा वेग त्याच्या खऱ्या पातळीवर आला. म्हणूनच दुकानात दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन ‘चालतंय की’ म्हणणं हा कसोटीचा प्रकार नव्हे.

यानंतर रोमन आकडा पाहा: एक उभी रेघ किंवा दोन. त्याला यूएचएस १ आणि यूएचएस २ म्हणतात. ही वेगाची हमी नाही, ती रस्त्याची रुंदी आहे. यूएचएस १ चा रस्ता सेकंदाला १०४ एमबीपर्यंतचा, यूएचएस २ चा ३१२ पर्यंतचा. यूएचएस २ कार्ड पालथं केलं की सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग दिसते, ती ओळखीची पक्की खूण. असं कार्ड यूएचएस १ च्या कॅमेऱ्यात बसतं आणि चालतंही, पण तिथे दुसऱ्या रांगेला कुणी हात लावत नाही, त्यामुळे वेग साध्या रस्त्याचाच मिळतो. कॅमेऱ्याचा कार्ड घालायचा खाचा यूएचएस १ चा असताना महागडं यूएचएस २ कार्ड घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. काही यूएचएस १ कार्डांवर १७० किंवा २०० एमबी छापलेलं असतं. तो वेग ती पद्धत ओळखणाऱ्या ठरावीक कार्ड रीडरमध्येच मिळतो, कॅमेऱ्यात नाही.

एसडी एक्सप्रेस अशी खूण दिसली तर आधी तुमचं यंत्र ती मागतं का ते पाहा. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या खेळयंत्राला मायक्रो एसडी एक्सप्रेसच लागतं. तेच एक्सप्रेस कार्ड यूएचएस २ च्या कॅमेऱ्यात घातलंत तर ते यूएचएस १ च्या वेगाने चालतं, कारण दुसऱ्या रांगेची भाषाच वेगळी आहे. महागडं कार्ड घेऊन वेग कमी मिळतो.

पायरी ३: मागणी आणि हमी शेजारी ठेवा

आता पहिल्या पायरीतला कागद काढा. कॅमेऱ्याची मागणी मेगाबाइटमध्ये आणि कार्डाची किमान हमी यांची तुलना करा. हमी मोठी हवी.

फुल एचडी ५० मेगाबिटवर चित्रित करत असाल तर मागणी सव्वासहा एमबी, क्लास १० किंवा यू १ पुरतं. फोरके १०० मेगाबिटवर असेल तर यू ३ किंवा व्ही ३०. अ‍ॅक्शन कॅमेरे आणि लग्नाच्या वरातीवर फिरणारे बहुतेक ड्रोन याच गटात येतात आणि त्यांच्या कंपन्याही हेच सुचवतात. २०० मेगाबिटला २५ एमबी लागतात, व्ही ३० त्यात बसतं, पण फट थोडी आहे, तेव्हा नावाजलेल्या कंपनीचं आणि खात्रीचं कार्डच घ्या. ४०० मेगाबिटला मात्र ५० एमबी लागतात आणि व्ही ३० तिथे हात टेकतं. पॅनासॉनिकच्या जीएच ५ कॅमेऱ्याला २०१७ मध्ये ४०० मेगाबिटची सोय मिळाली तेव्हा त्यासाठी व्ही ६० कार्ड लागेल असंच कंपनीने सांगितलं होतं. ६०० मेगाबिट म्हणजे ७५ एमबी, तिथे व्ही ९०. त्याच्याही पुढे सीएफएक्सप्रेस कार्डं असतात. ती वेगळ्या आकाराची, वेगळ्या खाचेची. तुमच्या कॅमेऱ्याला ती खाच असेल तर माहितीपत्रकाने ते आधीच सांगितलेलं असेल.

माझं स्पष्ट मत: गावात-तालुक्यात लग्नाचं काम करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना चांगलं व्ही ३० पुरतं. व्ही ९० चा जास्तीचा पैसा दुसऱ्या कार्डात घाला. एका १२८ जीबीच्या कार्डापेक्षा ६४ ची दोन मला बरी वाटतात. एक बिघडलं तर अर्धं लग्न तरी हातात राहतं. कॅमेऱ्याला दोन खाचे असतील तर मेनूमध्ये जाऊन दोन्हींवर एकाच वेळी लिहिण्याचा पर्याय चालू करा. ‘पहिलं भरलं की दुसरं’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात दुसरी प्रत तयार होत नाही. ज्या प्रसंगाला पुन्हा बोलावता येत नाही त्याच्या दोन प्रती पहिल्या सेकंदापासून हव्यात.

पायरी ४: फोनसाठी वेगळी कसोटी

फोनचा कॅमेरा व्हिडिओ लिहितो तेव्हा तो सलग लिहितो, ओळीत भात लावत जावं तसं. अ‍ॅप मात्र इथून चिमूटभर वाचतं, तिथे चिमूटभर लिहितं. या दुसऱ्या कामासाठी ए १ आणि ए २ या खुणा आहेत. ए १ म्हणजे सेकंदाला अशी किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं. ए २ म्हणजे ४००० वाचनं आणि २००० लेखनं. दोन्हींत सलग लेखनाची हमी मात्र १० एमबीचीच. म्हणून ‘ए २ आहे म्हणजे फोरकेला चालेल’ हा तर्क चुकतो. फोरकेसाठी त्याच कार्डावर व्ही ३० वेगळं पाहावं लागतं.

ए २ चा पूर्ण फायदा फोनलाही ती पद्धत येत असेल तरच मिळतो आणि बऱ्याच फोनना ती येत नाही. फोनमध्ये फोटो, गाणी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आणि नकाशे ठेवायचे असतील तर यू ३ आणि ए १ असलेलं कार्ड भरपूर झालं.

विकत घ्यायच्या आधी फोनचा ट्रे सुईने बाहेर काढून डोळ्यांनी बघा. अनेक फोनमध्ये दुसऱ्या सिमची आणि कार्डाची जागा एकच असते. गावाकडे रेंजसाठी दोन कंपन्यांची सिम वापरणाऱ्यांना हे कार्ड हातात आल्यावर कळतं. कित्येक फोनना खाचाच नसतो. सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी एस मालिकेतून तो २०२१ च्या एस २१ पासून काढून टाकला. आयफोनला तो कधीच नव्हता. २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप सी जोडणी आल्यामुळे त्याला साधा टाइप सी रीडर लावून कार्डावरच्या फाइल घेता येतात. १५ प्रो फोनमधून प्रोरेस हा अ‍ॅपलचा जड दर्जाचा व्हिडिओ थेट बाहेरच्या साठवणीवर घ्यायचा असेल तर मात्र अ‍ॅपल सेकंदाला २२० एमबी लेखनवेग मागतं. साधं एसडी कार्ड त्यात बसत नाही, त्यासाठी एसएसडी, म्हणजे बाहेरून जोडायची वेगवान डिस्क, घ्या.

अँड्रॉइड फोनमध्ये कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात की हे काढता येणारी साठवण म्हणून वापरू की फोनचीच साठवण म्हणून. हा दुसरा पर्याय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आला. तो निवडला तर फोन कार्ड पुसतो आणि त्यावरचं सगळं कुलूपबंद करून किल्ली स्वतःजवळ ठेवतो. फोन पाण्यात पडला, मेला, तर शाबूत कार्ड दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये उघडत नाही. घरच्यांचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तिथे पहिलाच पर्याय निवडा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पायरी ५: घेतल्या घेतल्या तपासा

नकली कार्डांचं दुखणं असं की ती सुरुवातीला उत्तम चालतात. आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची आणि तिच्या नियंत्रकाला खोटं बोलायला शिकवलेलं असतं: ‘मी १२८ आहे’. फोन, संगणक, कॅमेरा सगळे त्यावर विश्वास ठेवतात. खरी जागा भरेपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर आलेली माहिती जुन्यावर लिहिली जाते किंवा हवेत विरते. फाइलींची नावं दिसतात, आकारही दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. माझ्या ओळखीच्या एका घराचे बारशाचे फोटो असेच गेले. नावांची यादी पूर्ण होती आणि पहिल्या काही फोटोंनंतर एकही उघडेना. त्या बाळाच्या आजीला मी ती यादी दाखवत होतो. ते मला आजही विसरता येत नाही.

१२८ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ११९ जीबी दिसतं, २५६ चं २३८. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. खरी तपासणी एकच: कार्ड काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचून ताळा घ्यायचा.

विंडोजवर एच २ टेस्ट डब्ल्यू (H2testw) नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. कार्ड रीडरमध्ये घाला, आधी कार्ड रिकामं करा, प्रोग्रॅममध्ये कार्डाचं ड्राइव्ह निवडा, सगळी उपलब्ध जागा तपासायचा पर्याय ठेवा आणि लिहून पडताळण्याचं बटण दाबा. तो एकेक जीबीच्या फाइली लिहीत जातो आणि शेवटी वाचून पाहतो. लिनक्स आणि मॅकवर हेच काम एफ ३ करतो. त्यात लिहिण्याची आणि वाचण्याची अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. १२८ जीबीला दोन तासांच्या आसपास लागतात, म्हणून मी रात्री जेवताना लावून ठेवतो. शेवटी दोन गोष्टी पाहायच्या: एकही चूक नसणं आणि लेखनाचा सरासरी वेग. व्ही ३० कार्डाचा सरासरी वेग १८ आला तर घाई करू नका. रीडर यूएसबी २ चा असेल तर अडथळा तोच असू शकतो. यूएसबी ३ च्या रीडरवर, निळ्या पट्टीच्या पोर्टात लावून पुन्हा पाहा. तरीही तेच आलं तर कार्ड परत करा. त्यासाठी बिल आणि वेष्टन परतीची मुदत संपेपर्यंत टाकायचं नाही.

यानंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथेच फॉरमॅट करा, म्हणजे पुसून नव्याने तयार करा. सर्वांत जड सेटिंग लावा आणि खिडकीबाहेरचा रस्ता कार्ड भरेपर्यंत चित्रित करा. ओसरी भरल्यानंतर ते कसं वागतं हे इथे कळतं. एखादा कॅमेरा तापून थांबेल, तर तेही घरीच कळलेलं बरं.

पायरी ६: कामाच्या दिवशीची शिस्त

कार्डांना मी क, ख, ग अशी नावं दिली आहेत, पांढऱ्या नेलपॉलिशने लिहून. कागदाची चिठ्ठी चिकटवू नका, ती खाचात उचलते आणि कार्ड अडकतं. कुंकवाचा करंडा ज्या मखमली डबीत येतो त्या डबीत कार्डं ठेवतो. रिकामं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. मांडवाच्या गर्दीत, डीजेच्या आवाजात हात आपोआप बरोबर कार्डावर जातो.

मोठ्या कार्डाच्या डाव्या कडेला छोटी कळ असते. ती खाली सरकली की कार्डावर काही लिहिलं जात नाही. भरलेलं कार्ड काढलं की ती कळ खाली करायची. मायक्रो कार्डाला कळ नसते, म्हणून ते लगेच डबीत.

रेकॉर्डिंग थांबवल्यावर दिवा विझेपर्यंत बॅटरी किंवा कार्ड काढायचं नाही. व्हिडिओ फाइलचा ताळेबंद अगदी शेवटी लिहिला जातो. तो लिहायच्या आत वीज गेली तर तासाभराची फाइल उघडत नाही, मग आत चित्र सगळं असलं तरी. आणि जागा हवी म्हणून मांडवात बसून एकेक क्लिप पुसत बसू नका. एकतर चुकीची पुसली जाते, दुसरं म्हणजे मोकळी जागा विखुरते आणि लेखनाचा वेग घसरतो. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्या, दोन्ही उघडून पाहिल्या, की मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं.

डॅशकॅम आणि घरच्या कॅमेऱ्यासाठी

इथे वेगापेक्षा झीज महत्त्वाची. कार्डाच्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येतं, काही शे ते काही हजार, प्रकाराप्रमाणे. १५ मेगाबिटचा डॅशकॅम तासाला पावणेसात जीबी लिहितो. रोज आठ तास गाडी चालवणाऱ्याचे दिवसाला ५४ जीबी. त्याच्याकडे ३२ जीबीचं कार्ड असेल तर वर्षात ते सहाशेपेक्षा जास्त वेळा भरून पुन्हा लिहिलं जातं. १२८ जीबीचं असेल तर दीडशेच्या आसपास. म्हणून इथे मोठं कार्ड घ्या आणि ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. साध्या कार्डाच्या वॉरंटीतून काही कंपन्या असा सततचा वापर स्पष्टपणे वगळतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे काचेआड तापलेल्या गाडीत ही कार्डं राबतात, तेव्हा महिन्यातून एकदा शेवटचा व्हिडिओ उघडून पाहायचा आणि कार्ड यंत्रातच फॉरमॅट करायचं. अपघात झाल्यावर कार्ड मेलेलं आहे हे कळणं म्हणजे वरातीमागून घोडं.

काही गेलंच तर

त्या क्षणापासून कार्डावर एक अक्षरही लिहू नका. बाहेर काढा, कळ खाली करा. पुसलेली किंवा फॉरमॅट झालेली माहिती लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिचा पत्ता पुसला जातो, आणि नवं काही त्या जागेवर लिहिलं गेलं की मग ती खरोखर जाते. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर चालवा आणि सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर कधीच नाही. फोटो पुष्कळदा येतात. व्हिडिओ विखुरलेले असतील तर तुकडे येतात. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर घरगुती उपाय थांबवा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याचा प्रयोग करू नका.

एखाद्या कार्डाने एकदा जरी विनाकारण रेकॉर्डिंग थांबवलं किंवा ताळ्यात एक चूक दाखवली, तर ते लग्नाच्या कामाच्या माझ्या डबीतून त्याच दिवशी बाहेर जातं. मंगलाष्टकांत थांबलेलं ते यू १ कार्ड आता वडिलांच्या छोट्या स्पीकरमध्ये आहे. त्यात हरिपाठ आणि काकड्याचे अभंग भरून दिले आहेत, मूळ प्रती माझ्या डिस्कवर आहेत, आणि तेवढं वाचून दाखवायला त्याचा वेग भरपूर आहे.